ख्रिसमस ट्री: छत साडेआठ फूट, हॉल छोटा, बोका मोठा. कुठलं झाड घ्यावं?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी,

यंदा पहिल्यांदाच घरात ख्रिसमस ट्री आणायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे लेकीने ठरवलंय, वय वर्षं चार, त्यामुळे अपील नाही.

हॉल १० बाय १२ फूट. त्यात सोफा, टीव्हीचं युनिट, पुस्तकांचं कपाट आणि बाल्कनीचं दार, जे दिवसातून दहा वेळा उघडतं. शिवाय एक बोका, दीड वर्षाचा, हुशार आणि म्हणूनच तापदायक. ऑनलाइन सात फुटी झाडं बघून बघून डोळे हिरवे व्हायची वेळ आलीये. नवरा म्हणतो, सात फुटीच घेऊ, छताला दीड फूट उरतंय की. मला त्यात काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाही.

खरं कापलेलं घ्यावं, कुंडीतलं घ्यावं की प्लास्टिकचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. दिव्यांच्या माळेचा नको, तो शेवटी.

रविवारचा_सुतार

काय खटकतंय ते मी सांगतो. तुमचे यजमान उंची मोजतायत. झाड जागा खातं ती रुंदीने.

भरगच्च प्रकारातलं सात फुटी झाड खाली साधारण साडेचार फूट पसरतं. गोलाचं क्षेत्रफळ काढलंत तर जवळपास १६ चौरस फूट. तुमचा हॉल १२० चौरस फूट. त्यातून सोफा, युनिट, कपाट वजा करा, दार उघडायची जागा सोडा, आणि मग उरलेल्या फरशीतले १६ देऊन टाका. उरतं काय?

आणि कोपऱ्यात ठेवलं की जागा वाचेल असं सगळ्यांना वाटतं. गोल वस्तू चौकोनी कोपऱ्यात घुसत नाही. खोड भिंतीपासून सव्वादोन फूट पुढेच येणार आणि मागचा त्रिकोण धूळ गोळा करायला मोकळा.

करायचं असं. सव्वादोन फूट सुतळी घ्या, एका टोकाला खडू बांधा, दुसरं टोक अंगठ्याने फरशीवर दाबून गोल काढा. त्या गोलात जुनी वर्तमानपत्रं पसरा आणि दोन दिवस तसंच राहा. येता-जाता पाय कागदावर पडला की समजायचं एक काचेचा गोळा फुटला. दोन दिवसांत किती फुटले ते मोजा आणि मग इथे येऊन सांगा.

उंचीचंही घ्या. वर चांदणी लावणार असाल तर तिला २० ते ३० सेंमी धरा. प्लास्टिकच्या झाडाची लिहिलेली उंची बहुतेकदा स्टँडसकट असते, कापलेल्या झाडाची मात्र स्टँडशिवाय. आणि छताला पंखा असेल तर तो विसरू नका, तो झाडाला विसरणार नाही.

हळदुली

+१ सुतळीला. मी चादर अंथरली होती, चादरीवर लोक सवयीने बसतात. कागदच बरे.

राळगंध

जमत असेल तर खरं झाड घ्या. सकाळी दार उघडल्यावर येणारा वास कुठल्याही खोक्यातून मिळत नाही. पण "खरं झाड" असं एक झाड नसतंच, त्यामुळे आधी जात ओळखायला शिका.

एक सुई तोडा आणि चिमटीत धरून फिरवून बघा. चौकोनी असल्याने सहज गरागरा फिरली तर स्प्रूस. चपटी असून फिरायला नकार देत असेल तर फर. एका जागी दोन, तीन किंवा पाच सुयांचा जुडगा असेल तर पाइन. एवढं आलं की विक्रेता काय सांगतोय ते तपासता येतं.

आता घराच्या हिशेबाने. चार वर्षांचं मूल असेल तर नॉर्डमन फर. मूळची कॉकेशसच्या डोंगरांतली. सुया मऊ, बोथट, आणि झाड कापल्यावरही बरेच आठवडे धरून राहतात. तक्रार एकच, वास अगदी बेताचा. वास हवा तर बाल्सम किंवा फ्रेझर फर. फ्रेझरच्या फांद्या कडक असतात, जड गोळे पेलतात, आणि आकारही जरा सडपातळ असतो, म्हणून छोट्या खोलीला मला तीच आवडते. नॉर्वे स्प्रूस म्हणजे डोळ्यांसमोर येतं ते चित्रातलं झाड. लंडनच्या ट्रफाल्गर स्क्वेअरमध्ये ऑस्लो शहराकडून १९४७ पासून दर वर्षी येतं तेही हेच. पण बाहेरच्या थंडीत ते शोभतं. ऊबदार घरात सुया भराभर गाळतं, सोफ्याच्या फटीतून पुढच्या पावसाळ्यापर्यंत निघत राहतात. घ्यायचंच तर अगदी शेवटच्या आठवड्यात आणा. ब्लू स्प्रूस दिसायला राजबिंडी, पण सुया टोचतात. अर्थात बोक्याच्या दृष्टीने तो गुणही ठरू शकतो.

ताजं आहे का ते बघायला फांदी मुठीत धरून आपल्याकडे ओढा. हातात हिरव्या सुया आल्या तर पुढच्या झाडाकडे वळा. आतल्या तपकिरी सुया गळणारच, त्याला घाबरू नका. आणि जाळीत गुंडाळलेलं झाड कधी घेऊ नका, उघडून, उभं करून, चार पावलं मागे जाऊन बघा. खोड वाकडं असेल तर घरी ओळंबा लावूनही सरळ होत नाही. एक बाजू विरळ असली तर मात्र चालेल, ती भिंतीकडे जाते. उलट छोट्या घरात विरळ बाजूचं झाड सोयीचं, भिंतीला जरा जास्त टेकतं.

टाइमपास_काका

तो ओळंब्याचा मुद्दा सुतारांनी लिहायला हवा होता. :)

रविवारचा_सुतार

माझ्याकडे ओळंबा आहे, झाड नाही. गेली सहा वर्षं फळीचे तुकडे दोरीत ओवून भिंतीवर त्रिकोण टांगतो. जागा शून्य.

हिशेबी

खरं झाड कापायचं आणि महिन्याने फेकायचं, याला पर्यावरण म्हणायचं का? प्लास्टिकचं एकदा घेतलं की झालं.

राळगंध

हिशेबी, ही झाडं जंगलातून तोडून आणत नाहीत हो, बहुतेक शेतात लावतात. माणसाच्या उंचीपेक्षा थोडं मोठं व्हायला सात ते दहा वर्षं लागतात, तोवर दर वर्षी छाटून आकार देतात. कापणीनंतर पुन्हा लावतात. उसाला कोणी जंगलतोड म्हणत नाही.

आणि "एकदा घेतलं की झालं" म्हणणाऱ्यांपैकी किती जणांकडे दहा वर्षांपूर्वीचं झाड आहे?

हिशेबी

माझ्याकडे आहे. बारावं वर्ष. पण तुम्ही म्हणालात म्हणून आकडे काढले. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्टचा अंदाज असा: दोन मीटरच्या प्लास्टिकच्या झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन. तेवढंच खरं झाड वापरून कचराभूमीत कुजू दिलं तर १६ किलो, कारण कुजताना मिथेन निघतो. तेच जाळलं किंवा भुसा करून मातीत घातलं तर साधारण साडेतीन किलो.

म्हणजे खऱ्या झाडाची विल्हेवाट नीट लागणार नसेल तर प्लास्टिकचं तिसऱ्या वर्षी बरोबरीला येतं. विल्हेवाट नीट लागणार असेल तर बारावं वर्ष उजाडावं लागतं. मी नेमका बाराव्यात आहे, तेव्हा माझं बोलणं आता खरं धरायला हरकत नाही.

छत्रीताई, तुमच्यासाठी प्रश्न असा: सण संपल्यावर खरं झाड कुठे जाणार? याचं उत्तर नसेल तर राळगंधांचा सगळा वास वाया.

मांजरवाली

लोकहो, बोका राहिला बाजूला.

दोन मांजरी, नऊ नाताळ, एकूण चार वेळा झाड आडवं. अनुभवाचे बोल ऐका.

झाड आणलं की दोन-तीन दिवस नुसतं उभं करून ठेवा, सजवू नका. हुंगणं, पंजे मारणं, चढून बघणं सगळं त्यात होऊन जातं. शेंड्याजवळच्या खोडाला मासेमारीची पारदर्शक दोरी बांधून भिंतीतल्या किंवा पडद्याच्या दांडीच्या हुकाला अडकवा, लांबून दिसत नाही. पायाचं स्टँड रुंद आणि जड हवं. प्लास्टिकच्या झाडाबरोबर येणारे दुमडते चार पाय बोक्यासाठी नसतात, माणसासाठीसुद्धा जेमतेम असतात.

काचेचे गोळे खालच्या तिसऱ्या भागात नकोत. तिथे कापडी, लाकडी, कागदी. चमकत्या झिरमिळ्या तर घरातच आणू नका. मांजर त्या चघळते, गिळते, आतड्यात दोरा अडकावा तशा अडकतात आणि शस्त्रक्रियेपर्यंत जातं. आमच्या धाकटीचं थोडक्यात निभावलं, तीन रात्री जागून काढल्या. खरं झाड असेल तर स्टँडमधलं पाणीही झाकून ठेवा, त्यांना तेच प्यायचं असतं.

दिव्यांच्या माळेची वायर खोडालगत वर न्या, जमिनीवर लोंबती ठेवू नका.

अर्धवट_माळी

कुंडीतल्या झाडाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून माझी लुडबुड.

"ख्रिसमस ट्री" म्हणून रोपवाटिकेत मजल्या-मजल्याच्या आडव्या फांद्यांचं जे मऊ झाड मिळतं, ते फर नाही, स्प्रूस नाही, पाइनही नाही. ते अरौकेरिया. नॉर्फोक आयलंड पाइन म्हणतात, पण पाइनच्या कुळातलं नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधल्या छोट्याशा बेटावरचं. कॅप्टन कुक १७७४ मध्ये तिथे पोचला तेव्हा ही सरळसोट खोडं बघून त्याला जहाजांच्या डोलकाठ्या दिसल्या होत्या. तिथे ५० मीटरच्या वर जातं. तुमच्या हॉलमध्ये जाणार नाही, कुंडीत फार सावकाश वाढतं.

छोट्या घराला हे मला सगळ्यात पटतं, कारण वर्षभर ते झाड असतं आणि पंधरा दिवस ख्रिसमस ट्री. पण अटी आहेत. भरपूर उजेड हवा. दर आठवड्याला कुंडी पाव वळसा फिरवायची, नाहीतर खिडकीकडे कलतं. माती वाळू द्यायची नाही आणि चिखलही करायचा नाही. कोरड्या हवेत खालच्या फांद्या तपकिरी होऊन गळतात, आणि गळलेली फांदी तिथे पुन्हा येत नाही. शेंडा कधीही छाटू नका. छाटलात तर ते सरळ शेंडा धरून वाढणं विसरतं. फांद्या नाजूक, त्यामुळे सजावट कागदी आणि हलकी. जड गोळा लावलात की फांदी मान टाकते.

घेताना कुंडीत बोट घालून बघा. दाट दिसावं म्हणून एकाच कुंडीत तीन-चार रोपं कोंबलेली असतात. पुढे ती एकमेकांशी भांडतात.

अवांतर: याचा चुलतभाऊ कुक पाइन, तोही याच नावाने खपवला जातो. हे झाड जगात कुठेही मोकळ्यावर लावा, विषुववृत्ताकडे झुकतं. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. २०१७ मध्ये यावर शोधनिबंध आला. मी तेव्हापासून प्रत्येक कुक पाइनपुढे उभा राहून मान वाकडी करतो.

राळगंध

माळीबुवा, कुंडीतल्या खऱ्या स्प्रूस-फरचंही लिहा. लोकांना वाटतं आणलं, सजवलं, मग अंगणात लावलं.

अर्धवट_माळी

त्यातली बरीच मरतात, तेच लिहायला हात धजत नव्हता. शेतातून उपटून मुळं तोडून कुंडीत बसवलेलं आणि लहानपणापासून कुंडीतच वाढलेलं, यात जमीन-अस्मानाचा फरक. दुसरंच घ्या. आणि ऊबदार घरात दहा दिवसांच्या वर ठेवू नका. ते हिवाळ्यात झोपलेलं झाड असतं, उबेने त्याला वसंत आला असं वाटतं, आणि मग बाहेर थंडीत नेऊन ठेवलं की संपलं.

टाइमपास_काका

इतिहासाचा तुकडा टाकतो, कुणाला नको असेल तर पुढे जा. प्लास्टिकच्या आधीची नकली झाडं जर्मनीत हंसाच्या पिसांची करायचे, पिसं हिरवी रंगवून. मग १९३०च्या दशकात अ‍ॅडिस नावाच्या ब्रश कंपनीने टॉयलेट ब्रश करायच्या यंत्रांवर झाडं केली. आणि १९५९ पासून अमेरिकेत अ‍ॅल्युमिनियमची चंदेरी झाडं धडाक्यात खपली. त्यांच्यावर विजेच्या माळा लावायच्या नसत, शॉकचा धोका. म्हणून खाली दिव्यापुढे रंगीत कप्प्यांचं फिरतं चाक ठेवून झाडावर उजेड पाडायचे.

छत्रीताई, ब्रशवालं मिळालं तर सांगा.

फुलवाफुलवी

प्लास्टिकचं घ्यायचं ठरलं तर माझ्या चुकीतून शिका. फोटोत घनदाट अरण्य होतं, खोक्यातून बाटली घासायचा ब्रश निघाला. विक्रेत्याचं म्हणणं, "फांद्या फुलवा". फुलवल्या. दीड तास फुलवल्या. मधलं खोड तरी दिसतच राहिलं, हिरव्या पट्टीतला लोखंडी दांडा.

आता बघते ते असं. साहित्य पीव्हीसी की पीई? पीव्हीसी म्हणजे पातळ प्लास्टिक कापून तारेत पिळलेलं, झिरमिळ्यांसारखं दिसतं. पीई म्हणजे साच्यात ओतलेली फांदी, सुया जाडीच्या, जवळून बघितलं तरी खरी वाटते. पण वजनाला जड आणि किमतीला चढी. चांगल्या झाडात बरेचदा बाहेर पीई आणि आत पोकळी भरायला पीव्हीसी असतं, आणि ते पुरतं. आतला भाग कोण बघतंय?

फांद्या बिजागरीच्या घ्या. खोडाला जोडलेल्याच असतात, छत्रीसारख्या खाली पडतात. एकेक फांदी आकड्यात अडकवायच्या झाडाला रंगांच्या खुणा असतात, चार वर्षांनी त्या खुणा पुसतात आणि नवरा-बायकोत वाद होतात. बर्फ शिंपडलेलं नको, पांढरी भुकटी सांडते आणि तुमच्याकडे लहान मूल आहे. दिवे बसवून आलेलं झाड सोयीचं, पण एक पट्टा गेला की अख्ख्या झाडाला पट्टा पडतो. मी साधं झाड आणि वेगळी एलईडी माळ या मताची. दर फुटाला १०० दिवे हवेत असं सांगतात, मला ५० वर भागलं.

कोणाचं जुनं पीव्हीसी झाड फुकट मिळत असेल तर जरा थांबा. जुन्या काळात त्या प्लास्टिकमध्ये शिसं घालायचे, आणि झाड जुनं झालं की ते धुळीतून उतरतं. मुलीच्या हाताखाली नकोच.

आणि छोट्या हॉलला सगळ्यात महत्त्वाचं: "स्लिम" किंवा "पेन्सिल" प्रकार बघा. तेवढ्याच उंचीला स्लिम साधारण तीन फूट पसरतं, पेन्सिल दोन. पेन्सिल मला जरा डाएटवर असल्यासारखं वाटतं, पण ज्याची त्याची आवड.

निळी_छत्री

अबब! एवढ्यात मी सुतळी शोधली.

हालहवाल: गोल काढला, कागद पसरले. पहिल्या दिवशी एकूण २३ गोळे फुटले. त्यातले १४ नवऱ्याचे, कारण बाल्कनीकडे जायचा रस्ता नेमका गोलातून जातो आणि कपडे वाळत घालणं त्याच्याकडे आहे. सात फुटाचं खूळ आपोआप उतरलं, मला एक शब्द बोलावा लागला नाही. बोका दोन्ही दिवस गोलाच्या बरोबर मध्यबिंदूवर बसून होता.

मग दीड फुटाची सुतळी घेऊन पुन्हा गोल काढला, कपाट आणि खिडकीच्या मध्ये. फुटलेले गोळे: दोन. दोन्ही पाहुण्यांचे.

खरं झाड घ्यायचा मोह आहे, पण हिशेबींच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. सण संपल्यावर ते झाड जिन्याखाली पडून राहील, हे मला आत्ताच दिसतंय. राळगंध, माफ करा. पण कोणी वाचत असेल आणि घेणार असेल तर पाण्याचं तेवढं सांगून टाका.

राळगंध

माफी कसली. थोडक्यात सांगतो.

घरी आणल्यावर बुंध्याची तळाची इंचभर चकती कापा आणि लगेच पाण्यात ठेवा. उशीर केलात तर काही तासांत राळेने तोंड बंद होतं आणि झाड पाणी ओढत नाही. स्टँडमध्ये बसत नाही म्हणून साल तासू नका, पाणी वर चढतं ते बाहेरच्या थरातूनच. खोडाच्या जाडीच्या दर इंचाला दिवसाला साधारण एक लिटर धरा, म्हणजे चार इंची खोडाला चार लिटरचं स्टँड. साखर, अ‍ॅस्पिरिन वगैरे काही घालू नका, साधं पाणी. हीटर आणि उन्हापासून लांब.

यात हयगय करू नका. अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेने पाणी दिलेलं आणि वाळलेलं अशी झाडं पेटवून चाचण्या केल्यात. वाळलेलं एका मिनिटाच्या आत खोली पेटवतं. सुया हात लावताच गळायला लागल्या की सणाचे दिवस उरलेत का हे बघत बसायचं नाही, झाड बाहेर.

हिशेबी

छत्रीताई, मग साडेपाच फुटी स्लिम घ्या आणि बुटक्या, जड पेटीवर ठेवा. डोळ्याला साडेसहाचं दिसतं आणि खालच्या फांद्या सोफ्याच्या हाताच्या वर जातात. पेटी मात्र हलती नको.

एक गोष्ट कोणी विचारली नाही. झाड तीन-चार आठवडे हॉलमध्ये राहतं, बाकीचे अकरा महिने कुठे राहणार? खोक्याची लांबी-रुंदी बघितलीत का?

मांजरवाली

पेटीवर ठेवलंत तर दोरी दोन ठिकाणी बांधा. बोक्याला उंचावरची वस्तू म्हणजे आमंत्रण.

निळी_छत्री

झाड आलं! साडेपाच फुटी स्लिम, बिजागरीचं, बाहेर पीई आत पीव्हीसी. जुन्या पत्र्याच्या ट्रंकेवर उभं केलंय, आत जाड पुस्तकं भरून. खालच्या फांद्यांना लेकीने कापलेले कागदी मासे, वर काचेचे गोळे, शेंड्याला दोन दोऱ्या. फुलवायला मला आणि लेकीला पन्नास मिनिटं लागली, तिने प्रत्येक फांदीला वेगळं नाव ठेवलं म्हणून. बोका तिसऱ्या दिवसापासून झाडाकडे बघतसुद्धा नाही, जरा अपमान वाटतो.

हिशेबी, तुमचा प्रश्न वाचला तेव्हा ऑर्डर देऊन झाली होती. आज माळ्यावर खोकं चढवायला गेलो. माळ्याच्या दारापेक्षा खोकं दोन इंच रुंद आहे.

हिशेबी

खोकं विसरा, तसंही ते झाड त्यात परत जात नाही. बारा वर्षांत एकदाही गेलेलं नाही. तिन्ही भाग वेगळे करा, फांद्या वर दुमडून सुतळीने बांधा, प्रत्येक भाग जुन्या चादरीत गुंडाळा आणि एकेक करून आत सरकवा.

सुतळी आहेच तुमच्याकडे.